निम्म्या वेगाचा कॉम्प्युटर

घरातला कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत होता, कारण दुसरीकडे त्याला जागाच नव्हती. त्याच्या एका हाताला खिडकी, दुसऱ्या हाताला दिवाण, आणि दिवाणावर दुपारी एक ते तीन सासरे. सून घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायची. नकाशा मोठा झाला की कॉम्प्युटर तापायचा, आणि तापला की त्याच्या पोटातला पंखा असा घोंघावायचा की खिडकीची काच थरथरायची. सुनेच्या मनाला हे लागून राहिलं होतं. वयस्कर माणूस, दिवसातून दोन तास पाठ टेकणार, तेवढ्यातही आपण त्यांच्या उशाशी गिरणी चालवतो. सासऱ्यांनी कधी तक्रार केली नव्हती. पण सासरे कशाचीच तक्रार करत नसत, त्यामुळे त्यावरून काही अंदाज बांधता येत नव्हता.

शेवटी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याला अडचण सांगितली की तो तिचा धडाच करायचा. दोन दिवस त्याने वाचन केलं आणि रविवारी सकाळी खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, तो गरज असो नसो जीव तोडून धावतो, म्हणून तापतो, म्हणून पंखा ओरडतो. पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही, मेंदूलाच धावू द्यायचं नाही, असा त्याच्या सांगण्याचा सारांश होता. त्याने वीज वाचवण्याच्या सोयींचं पान उघडलं. प्रोसेसरने जास्तीत जास्त किती जोर लावायचा, तिथे शंभर टक्के होते ते पन्नास केले. जाता जाता आणखी एक गोष्ट केली. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही, तर कॉम्प्युटरने आपणहून झोपून जावं, अशी व्यवस्था लावली.

पंख्याचा आवाज उतरत उतरत बंद झाला. नवऱ्याने डब्याला कान लावून खात्री करून घेतली. सुनेला भरून आल्यासारखं झालं. त्या दुपारी खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. सासरे दिवाणावर आडवे झाले आणि उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत राहिले.

सासऱ्यांनी छापखान्यात अडतीस वर्षं मशीनमन म्हणून काढली होती. यंत्राचा खडखडाट चालू असेल तर ते कागदाच्या गठ्ठ्यांवर डोकं टेकून वीस मिनिटांत झोप आटपून उठायचे. आवाज थांबला की मात्र खाडकन डोळे उघडायचे. छापखान्यात शांतता म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार. कागद फाटला असेल, पट्टा तुटला असेल, नाहीतर कुणाचं बोट गेलं असेल. अडतीस वर्षांची सवय निवृत्त होत नाही. पण मुलाने एवढा खटाटोप आपल्यासाठी केला आहे, हे त्यांना दिसत होतं. त्यामुळे त्यांनी पंख्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

झोप येईना म्हणून सोमवारी दुपारी त्यांनी तेलाचा डबा काढला आणि घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. दारं इतकी हलकी झाली की वाऱ्याच्या झुळकीसरशी आपसूक उघडू लागली. मंगळवारी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून साफ केलं. ते ताजंतवानं होऊन दिवसाला अकरा मिनिटं पुढे धावू लागलं, आणि नवरा शाळेत शिपायाच्या आधी पोचला. बुधवारी दारावरच्या घंटीचा नंबर लागला. त्यानंतर घरातून कुणी बाहेर निघालं की घंटा वाजायची, आणि बाहेरून कुणी आलं तर वाजायची नाही. सून हे सगळं बघत होती, पण तिला बोलायला सवड नव्हती. तिने रेघ ओढली की ती पडद्यावर यायला वेळ लागायचा. आली नाही म्हणून पुन्हा ओढली, की दोन यायच्या. एका भिंतीच्या तीन भिंती झाल्यावर तिने रेघ ओढून हात मांडीवर ठेवायची सवय लावून घेतली.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता हाडांचे डॉक्टर येणार होते. त्यांच्या नव्या दवाखान्याचं काम तिला मिळालं होतं, म्हणजे मिळाल्यातच जमा होतं. आजवर ती दुसऱ्यांच्या कचेऱ्यांसाठी नकाशे काढत आली होती. तिने काढायचे आणि कोपऱ्यातल्या चौकटीत सही दुसऱ्याची. या नकाशाच्या कोपऱ्यात पहिल्यांदाच तिचं नाव येणार होतं. डॉक्टरांना नकाशातलं कळत नव्हतं, त्यांना इमारत कशी दिसेल त्याचं रंगीत चित्र हवं होतं. ते आवडलं तर काम पक्कं.

असं चित्र कॉम्प्युटर स्वतःच रंगवतो. एरवी दीड तासाचं काम. सुनेने गुरुवारी सकाळी अकराला ते सुरू केलं आणि आंघोळीला गेली. परत येऊन बघते तर पडदा काळा. चित्रात वरचं बोटभर आभाळ तेवढं आलेलं, आणि कॉम्प्युटर गाढ झोपलेला. नवऱ्याने त्याला काय समजावून ठेवलं होतं, ते तिच्या आता लक्षात आलं. ते कुठून बदलायचं हे तिला माहीत नव्हतं. नवऱ्याला फोन केला तर तो परीक्षेच्या वर्गावर, फोन बंद. निम्म्या जोराने चित्राला तीन तास लागणार होते, आणि त्या तीन तासांत पाच मिनिटं कॉम्प्युटर एकटा राहून चालणार नव्हतं. त्यात मोठे नकाशे छापून आणायला तिला बाराला बाहेर पडायचंच होतं.

तिने दिवाणाकडे पाहिलं. सासरे आज दुपारच्या आधीच छताकडे बघत पडले होते.

"बाबा, एक काम कराल का?"

वाक्य पुरं व्हायच्या आत ते उठून बसले. तिने चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि माउस कसा हलवायचा, दर चार मिनिटांनी का हलवायचा, ते दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग आत जाऊन हात धुतले, सदरा चढवला, वरपर्यंत बटणं लावली, चष्मा पुसला आणि एक जुनी वही घेऊन आले.

"पाळी किती वाजेपर्यंत?"

"मी तीनपर्यंत येतेच."

"आणि यंत्र थांबवायचं कधी?"

"थांबवायचं नाहीच बाबा. काही झालं तरी नाही."

सासऱ्यांनी मान डोलावली. मालक मंडळींचं हे बोलणं त्यांनी पूर्वीही ऐकलेलं होतं.

बारा ते तीन ते खुर्चीवरून हलले नाहीत. वहीत त्यांनी वेळा लिहिल्या. बारा चार, हलवला. बारा आठ, हलवला. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उमटत होतं. आधी आभाळ, मग गच्ची, मग खिडक्या, मग पाटी. त्यांना फार दिवसांनी बरं वाटत होतं. यंत्र काम करत होतं आणि ते यंत्राजवळ होते. पावणेतीनच्या सुमारास चित्राचा तळ आला. तळाशी दवाखान्याचं दार होतं, आणि दाराला भिडलेला, चाकांच्या खुर्च्यांसाठी बांधायचा उतार. सासऱ्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पडद्याला नाक लावून पाहिलं. मग उभे राहिले. छापखान्याचा पहिला नियम असा, की खोट दिसली की आधी यंत्र थांबवायचं आणि हाक मग मारायची. यंत्र बंद करायचा दांडा कुठे दिसेना. तेव्हा त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

सून तीनला आली. बाहेरून आल्यामुळे घंटा वाजली नाही. पडदा काळा होता, सासरे हाताची घडी घालून उभे होते आणि वही उघडी होती. शेवटची ओळ होती: दोन बावन्न, खोट दिसली, यंत्र थांबवलं.

"बाबा, काय केलंत हे?" तिने नकाशांची गुंडाळी दिवाणावर टाकली.

"दार बाहेर उघडतंय."

"कुठलं दार?"

"तुझ्या दवाखान्याचं."

मग तिचा तोल गेला. दार बाहेर उघडलं की आत दोन खुर्च्यांची जागा वाचते, म्हणून तिने मुद्दाम तसं केलं होतं. चूक होती तर नंतर सांगायची, चित्र तरी पुरं होऊ द्यायचं. दोन तासांनी डॉक्टर येतील, त्यांना आता काय दाखवायचं. वर्षभर या एका कामासाठी कुणाकुणाचे उंबरठे झिजवले, हे सगळं ती बोलली. एवढं ती या घरात कधी बोलली नव्हती. सासऱ्यांनी ते उभ्याउभ्या ऐकून घेतलं.

"तुझी सासू शेवटची दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत होती," ते म्हणाले. सून या घरात यायच्या आधीची ही गोष्ट. "उतारावर खुर्ची धरायला दोन हात लागतात. दार ओढायला तिसरा. तो माझ्याकडे नव्हता. एकदा तिनंच ओढून पाहिलं. दोघं मागे गेलो, पार रस्त्यापर्यंत. ती हसत होती. मला नाही हसता आलं."

सुनेने जाऊन भिंतीवरचं बटण लावलं. कॉम्प्युटर निम्म्या जोराने जागा होऊ लागला. ते होईपर्यंत तिने छापून आणलेल्या नकाशावर पेन्सिलीने दार फिरवलं आणि उताराच्या माथ्यावर सपाट जागा सोडली. आतल्या दोन खुर्च्या गेल्या.

डॉक्टर पंधरा मिनिटं आधीच आले. माणूस धिप्पाड, बोलणं मोजकं. चित्र तयार नाही आणि का नाही, ते सुनेने काही न लपवता सांगितलं. डॉक्टर म्हणाले की एका दाराने एवढा काय फरक पडतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. सासरे उठले आणि सून कॉम्प्युटरसमोर जिच्यावर बसायची ती चाकांची खुर्ची ढकलत अंगणात घेऊन गेले. दारासमोर स्कूटर आत घ्यायला सिमेंटचा उतार केलेला होता, आणि घराचं जाळीचं दार बाहेरच उघडायचं.

"बसा," सासरे म्हणाले.

पेशंटला बसा म्हणायची सवय असलेले डॉक्टर कुणी बसा म्हटल्यावर काय करावं, या विचारात क्षणभर उभे राहिले आणि मग बसले. सासऱ्यांनी खुर्ची उतारावर चढवली, दोन्ही हातांनी धरली आणि दार उघडायला सांगितलं. डॉक्टरांनी जड दार ओढावं तसं ते जोर लावून ओढलं. बिजागऱ्यांना सोमवारीच तेल मिळालं होतं. दार फुलासारखं आलं आणि त्यांच्या गुडघ्यांवर आदळलं. खुर्ची, डॉक्टर आणि सासरे असे तिघं उलट्या पावली अंगण ओलांडून फाटकाला टेकले. शेजारीण कुंड्यांना पाणी घालत होती. गुडघ्यासाठी ती याच डॉक्टरांकडे जायची. नळी हातात तशीच धरून ती बघत राहिली आणि एक कुंडी वाहू लागली.

डॉक्टरांनी उठून दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाले, "पुन्हा एकदा."

दुसऱ्या खेपेला त्यांनी डावा हात वापरून पाहिला. फाटक तेच आलं. या वेळी ते खुर्चीतून उठले नाहीत.

"आत्ताच्या दवाखान्याचं दार असंच आहे," ते म्हणाले. "अकरा वर्षं झाली. पेशंट म्हणतात, डॉक्टर, दार फार जड आहे. मी म्हणतो, व्यायाम करा."

डॉक्टर घरात आले, पेन्सिलीने फिरवलेलं दार त्यांनी नीट पाहिलं, कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि काम सुरू करा म्हणाले. चित्र होईल तेव्हा द्या, घाई नाही. निघताना दाराशी थांबून त्यांनी सासऱ्यांना विचारलं, की रविवारी वेळ असेल तर आमचं दार फिरवून द्याल का. सासऱ्यांनी वही उघडून रविवार मोकळा असल्याची खात्री केली. डॉक्टर बाहेर पडले आणि घंटा वाजली.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकलं. पंखा बंद झाल्यापासून डोळा लागत नाही, हेही सासऱ्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. त्याला सगळ्यात जास्त लागलं ते वडिलांच्या झोपेचं. चार दिवस तुम्हाला झोप नव्हती, मग सांगितलं का नाहीत, असं त्याने तीनतीनदा विचारलं. सासरे म्हणाले की तू इतका खूश होतास. नवऱ्याने मुकाट्याने पन्नासचे शंभर केले, कॉम्प्युटरची झोपही काढून टाकली. शुक्रवारी दुपारी पंखा पूर्ववत घोंघावू लागला, काच थरथरू लागली, चित्र दीड तासात पुरं झालं. दिवाणावरून घोरण्याचा आवाज येत होता. रविवारी सासरे पेटी घेऊन डॉक्टरांकडे गेले, बिजागऱ्या काढून आतल्या अंगाला बसवल्या आणि चहासुद्धा न घेता परतले.

सोमवारी सकाळी सून चित्राची गुंडाळी घेऊन जुन्या दवाखान्यावर पोचली. उतारावर एक आजीबाई चाकाच्या खुर्चीत होत्या, मागे त्यांची मुलगी, आणि सगळ्यांच्या पुढे दाराशी खुद्द डॉक्टर. ते दार ओढत होते. दार हलत नव्हतं. त्यांनी बॅग खाली ठेवली, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि पाय रोवून पुन्हा ओढलं.

"ढकला, डॉक्टर," आजीबाई हलकेच म्हणाल्या. "आत उघडतं ते."

डॉक्टरांनी मूठ सोडली, बॅग उचलली आणि बाजूला झाले. आजीबाईंनी एका बोटाने दार लोटलं आणि त्या आत गेल्या.