आडेबाबूंचं हेल्मेट

हेल्मेट कोपराला अडकवून मोटरसायकल चालवणारे पुष्कळ असतात. त्यात वांगी भरून आणणारे आमचे आडेबाबू एकटेच. बोरी अरबच्या आमच्या शाळेत ते कारकून, आणि मी गणिताचा मास्तर. बाजाराच्या दिवशी त्यांची गाडी फाटकाशी थांबली की हेल्मेटमधून कोथिंबीर डोकावायची.

"वापर तर करून राह्यलो ना," ते म्हणत.

डोक्यावर मात्र ते कधी चढलं नाही. कोणी विषय काढलाच, तर आडेबाबू चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "डोकं कोनाचं?" समोरच्यानं "तुमचं" म्हटलं, की खटला निकालात निघाला. तरी कोणी वाद वाढवला तर पुरवणी तयार असे. "मी तंबाखू खातो, सरकार काही म्हणत नाही. जिलबी खातो, काही म्हणत नाही. मंग डोक्याचीच काळजी काहून?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या विज्ञानाच्या मास्तरांनाही कधी देता आलं नाही.

एकदा वरून पत्र आलं. हेल्मेट न घालणाऱ्या कर्मचाऱ्याच्या गाडीला फाटकातून आत घेऊ नये. आवक वहीत त्याची नोंद आडेबाबूंनीच केली, सुवाच्य अक्षरात. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकाच्या पन्नास पावलं अलीकडे गाडी बंद केली आणि ढकलत आत आणली.

"बाबू, हे काय?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"मी पायी आलो मॅडम. गाडी माह्यासंगं आली."

वर्षभर ते असेच पायी आले.

म्हणून त्या रविवारी दारव्ह्याच्या रस्त्यावर जे दिसलं, ते पाहून मी गाडीच थांबवली. आडेबाबू बोडक्या डोक्यानं गाडी चालवत होते आणि मागे वहिनी, लुगड्याच्या पदरावरून हेल्मेट घालून, पट्टा हनुवटीखाली घट्ट आवळून बसल्या होत्या. सोमवारी मी त्यांना गाठलं.

"बाबू, वहिनींचं डोकं कोणाचं?"

"तिचंच."

"मग त्यांना विचारलं होतं का?"

"तिले कायले विचारा लागते," असं म्हणून आडेबाबूंनी पगारपत्रक पुढे ओढलं. स्वातंत्र्याचं तत्त्व मागच्या सीटपर्यंत पोचत नाही, एवढं मला कळलं.

पुढे, तुरीला फुलं आली होती त्या दिवसांत, आडेबाबू रजेवर असताना एका दुपारी शाळेत फोन आला. आडेबाबूंच्या गाडीपुढे तुरीतून रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, वहिनी आणि ते दोघंही पडले. मी दारव्ह्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर त्यांच्या डोक्याला टाके घालत होते.

"हेल्मेट नव्हतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"होतं ना. घरात एकच हाय. जिथं पायजे तिथं होतं."

वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. शेजारी हेल्मेट पडलं होतं, एका बाजूनं तडकलेलं. मला राग आला होता. मी म्हटलं, "वहिनी, बाबूंचा एवढा हट्ट कशासाठी? एक हेल्मेट अजून घेतलं असतं तर काय झालं असतं?"

त्यांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कोनाले सांगू नका गुरुजी. यायचा डावा कान केव्हाचाच गेला. आता उजव्यानंही कमी येते. शाळेत समजलं तर लोक हसतीन म्हून सांगत नाहीत."

"पण त्याचा हेल्मेटशी काय संबंध?"

"मी नवी होती तवा तांड्यावर सासू-सासऱ्यासमोर यायच्यासंगं बोलाची सोय नव्हती. मंग यायनं गाडी घेतली. बाजारात जातानी-येतानी गाडीवर जे बोलत होतो, तेवढंच. आता सासू-सासरे गेले, तर घरात सुना हायेत, नातू हायेत, टीव्ही हाय. आमी अजूनही गाडीवरच बोलतो. हेल्मेट घातलं का मांगून मी काय म्हनते ते यायले ऐकू येत नाही. एकदा घातलं होतं. दारव्हा येईपर्यंत हे गाडी थांबवू थांबवू मले विचारत होते, काय म्हनली, काय म्हनली. तवापासून घातलं नाही. शाळेत जातानी घातलं तर मंग बायको मांगं असली का काहून नाही घालत, असं कोनी विचारीन म्हून एकटे असले तरी घालत नाहीत."

आत आडेबाबू टाक्यांच्या संख्येवरून डॉक्टरांशी हुज्जत घालत होते. मला वर्षभराचं ते गाडी ढकलणं आठवलं.

टाके निघाल्यावर वहिनींनी यवतमाळहून दोन नवी हेल्मेटं आणली. आडेबाबूंनी एक मुकाट्यानं घातलं. शाळेत सगळ्यांना वाटलं, पडल्यावर अक्कल आली. आडेबाबूंनी ते खोडून काढलं नाही.

गेल्या रविवारी मी यवतमाळला निघालो होतो. रस्त्यात एका पुलापाशी आडेबाबूंची गाडी स्टँडला लावलेली दिसली. दोन्ही हेल्मेटं आरशांना टांगलेली. दोघं कठड्यावर बसलेले, वहिनी त्यांच्या उजव्या हाताला. मला वाटलं, गाडी बिघडली.

"काय झालं बाबू?"

आडेबाबूंनी वहिनींकडे पाहिलं.

"काही नाही गुरुजी," वहिनी म्हणाल्या, "बोलून राह्यलो."

"तुमी व्हा पुढं," आडेबाबू म्हणाले.

मी पुढे गेलो. यवतमाळचं काम आटोपून दोन तासांनी परत आलो, तेव्हा ते दोघं त्याच्या पुढच्या पुलापर्यंत पोचले होते. वहिनी हातवारे करून काहीतरी सांगत होत्या आणि आडेबाबू मान तिरपी करून ऐकत होते. मी हॉर्न वाजवला नाही.