मुंगीला वाट, माणसाला शिव्या

भूपालआण्णा मगदूम मुंग्यांना वाट देतात आणि माणसांवर खेकसतात. जंगलातल्या पायवाटेवर आम्ही आठजण पळत असतो, जरा कुठं लय लागलेली असते, आणि पुढून आरोळी येते, "थांबा! रांग चाललीया!" की आठ वाढलेली माणसं मुंग्यांपुढं उभी. आण्णा वाकून मोकळी जागा हेरणार आणि एकेकाला दंड धरून पलीकडं टाकणार. कुणाचा पाय चुकला तर, "डोळं काय कपाळाला लावल्यात व्हय? मुंगीला हाय तेवढी अक्कल न्हाय तुमास्नी!"

माणूस जैन, मूळचा कुरुंदवाडकडचा. जीव मारायचा नाही, हे कबूल. पण माझा जीव घ्यायला ह्यांना कुठल्या शास्त्रात सांगितलंय, ते एकदा मला कळलं पाहिजे.

आण्णा आमचे शेजारी. वय सहासष्ट. मोटारपंपांचं दुकान पुतण्याच्या हवाली करून मोकळे झालेले. मला साखर निघाली, डॉक्टर म्हणाले चालत जा, आणि हे मी आमच्या ह्यांना अंगणात सांगत होते, तेवढी एक चूक झाली. कुंपणापलीकडून आवाज आला, "चालून काय हुतंय वैनी? पळा!" रविवारी पहाटे दारात गाडीचा हॉर्न. आमचे हे पांघरुणातून म्हणाले, "जा जा, चांगलंय." स्वतः उठले नाहीत.

गाडी शाहूवाडीच्या बाजूला जाते. एका वाडीपाशी ती लावायची आणि तिथून सहा किलोमीटर चढ, सगळा जंगलातून. वर डोंगरात तळं आहे. आहे म्हणतात. कारण चार रविवार झाले, आम्ही ते बघितलंच नव्हतं! आण्णांचे नियम दोन. "नऊ वाजता असू तिथनं माघारी." आणि दुसरा, "सगळी पोचली तर पोचली, न्हायतर कुणीच न्हाय." आता सगळ्यांत हळू कोण, हे काय सांगायला पाहिजे?

मला खरा राग ह्या दुसऱ्या नियमाचा. हळू पळणाऱ्याला शांतपणे मागं राहू द्यावं की नाही? नाही. माझ्यासाठी सगळी वरात थांबणार. त्यात एक दातांचा डॉक्टर आहे, त्याचं घड्याळ दर किलोमीटरला टीं करतं. ते वाजलं की तो घड्याळाकडं बघतो आणि मग माझ्या पायांकडं बघतो. वर गोड आवाजात, "असू दे हो मॅडम." मेल्याच्या बत्तिशीवर एक ठेवून द्यावी वाटते.

पाचव्या रविवारी मुंग्यांच्या तीन रांगा लागल्या. साडेआठ वाजून गेले आणि माझा दम संपला. डॉक्टर म्हणाला, "मॅडमना इथं बसू दे. आपण तळ्याला हात लावून येऊ." मला तर देव भेटल्यासारखं झालं. मी दगडावर बसले. म्हटलं, "जावा बाबांनो, एकदाचे जावा!"

"कुणी जायचं न्हाय!" आण्णा असे ओरडले की झाडावरची पाखरं उडाली.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "आण्णा, पाच रविवार झाले, माझ्यामुळं माणसं माघारी फिरतात. मेल्याहून मेल्यासारखं होतं मला! मुंगीची दया येते, माझी येत नाही होय तुम्हाला?"

आण्णा माझ्यासमोर उकिडवे बसले. चेहरा लालबुंद, पण आवाज खाली आलेला.

"आमच्या हिला आणलीती ह्याच वाटंनं. मला पण तळं दाखवा म्हटली. निम्म्यात दम लागला तिला. म्हटलं, बस हितं, मी बघून येतो. गेलतो. दोन तासानं माघारी आलो तर तशीच बसलेली. डबा बी उघडला नव्हता. म्हटली, बघून आलासा? कसं हाय वो तळं?"

"मग?"

"म्हटलं, पाणी हाय, आनि काय असतंय? चल, उशीर झाला." आण्णा दातओठ खात म्हणाले, "येडा माणूस! त्यानंतर कुठं न्या म्हटली न्हाय. कधीच न्हाय."

आण्णांची बायको, कमलआक्का, जाऊन तीन वर्षं झाली. शेजारी राहूनही मी त्यांना फाटकाबाहेर फारसं पाहिलं नव्हतं. शांत स्वभाव आहे, असं मला वाटायचं.

मी उठले. रागातच उठले, पण उठले. वाटेत नऊ वाजले. आण्णांनी घड्याळ बघितलं आणि मनगट मागं नेलं. पावणेदहाला झाडी संपली आणि सगळे पाण्याकडं धावले.

आण्णा तिथंच थांबले, पाण्याकडं पाठ करून.

"बघा वैनी," ते म्हणाले. "आनि कसं हाय ते सांगा."

"तुम्हीच बघा की."

"सांगा म्हटलं न्हवं!"

मी सांगितलं. पाणी हिरवं आहे, कडेला जरा काळपट. मध्ये चार वाळलेली झाडं उभी आहेत, एकावर पाणकावळा पंख पसरून बसलाय. पलीकडच्या चिखलात गव्यांचे खूर उमटलेत. वारा आला की अर्धंच तळं हलतं, डोंगराच्या आडोशाचं हलत नाही.

आण्णा ऐकत होते. मग माझ्यावरच खेकसले, "एवढंच तर सांगायचं हुतं! दोन मिनटं बी लागली न्हाईत तुमास्नी!" आणि उपरण्यानं तोंड पुसत राहिले.

"थांबा, अजून कुठं झालंय," मी म्हटलं, आणि पहिल्यापासून सावकाश सांगायला लागले.