तीन कोटी प्रकाशवर्षांवरचा जांभळा कोबी

दुर्बीण विकत आणायची नाही, तिचा आरसा आपणच घासायचा, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कुणाचं पातेलं जाईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पंधराव्या वर्षी शाळा सोडून मी कोळशाच्या खाणीत उतरलो. अठ्ठावीस वर्षं जमिनीखालचा अंधार पाहिला. म्हटलं, आता म्हातारपणी जरा वरचाही बघू. काच पिंपावर ठेवायची आणि भोवती फिरत घासत राहायचं. चौदा महिने फिरलो. (माझ्या बायकोच्या, डोरीनच्या हिशेबाने मी तेवढ्यात चालत लंडनला जाऊन आलो असतो, आणि घरात शांतताही राहिली असती.) शेवटची झिलई डांबराच्या गादीवर द्यावी लागते, आणि डांबर आधी वितळवावं लागतं. घरात जाड बुडाचं भांडं एकच होतं.

"मॅटी, माझ्या जॅमच्या पातेल्यात हे काळं काय आहे?"

"झिलईचं सामान."

"माझ्या आईचं पातेलं होतं ते! आता प्लमचा जॅम कशात करू? तुझ्या टोपीत?"

ती पातेलं उचलून निघून गेली. पुढचे कित्येक महिने ती फक्त मांजराशी बोलली. (माझ्याबद्दलच, आणि मी खोलीत असताना.)

दुर्बीण ठेवली होती गावाबाहेर, भाजीसाठी भाड्याने मिळणाऱ्या पट्ट्यांपैकी माझ्या पट्टीवर, सरकत्या छपराच्या शेडमध्ये. पट्टी घेतली की भाजी लावायची, असा तिथला कायदा. माझ्या पट्टीवर गवत होतं. शेजारच्या पट्टीवर सेप मांडीएवढे लीक, म्हणजे जाड पातीचे कांदे, पिकवायचा आणि माझ्याकडे बघून हळहळायचा.

जूनमध्ये पट्ट्यांच्या कमिटीचे सेक्रेटरी कथबर्ट रेन स्वतः आले.

"मॅटी, सप्टेंबरच्या भाजीप्रदर्शनात तुमच्या पट्टीवर उगवलेलं काहीतरी दिसलं पाहिजे. नाहीतर पट्टी सोडा. सतरा माणसं वाट बघताहेत."

"आणि दुर्बीण?"

"ती उगवत नाही ना?"

मी कमी बोलणारा माणूस. पण त्या दिवशी पाय रोवून म्हणालो, "प्रदर्शनात मी माझी दीर्घिका मांडणार. बघू मला कोण हलवतं."

"लेका, बटाटा तरी लाव," सेप म्हणाला. "बटाटा काय, पाठ फिरवली तरी येतो."

मी लावला नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

दीर्घिका तयारच होती. मार्च ते मे या तीन महिन्यांत आमच्याकडे पाच रात्री आभाळ उघडलं होतं. पाचही रात्री मी शेडमध्ये बसून एकाच भोवऱ्यासारख्या दीर्घिकेचे फोटो काढले, चार-चार मिनिटांचे, एकूण साठ. ते एकावर एक चढवून एक फोटो करायचा असतो. ते काम कॉम्प्युटरचं, म्हणजे डोरीनचं. तिने ते केलं. मग पडद्याकडे वाकून बघितलं. "सुंदर आहे," ती म्हणाली. मांजर खोलीत नव्हतं. माझ्याशीच बोलली.

प्रदर्शनाचा अर्जही तिनेच भरला.

तंबूत गाजरं, कांदे आणि सेपचे लीक यांच्या मधोमध माझा फोटो. परीक्षक बाहेरगावचे, जाड चष्म्याचे. ते फोटोपुढे थबकले.

"वा! काय जांभळा कोबी कापलाय! गाभा बघा किती घट्ट! आणि बाजूला फुटलेला हा छोटा कोंब!"

"कोबी?" रेनसाहेबांचा चेहरा उजळला. "मॅटी, कोबी लावलात? मग सांगायचं नाही का! पट्टी तुमचीच!"

सेपने बरगडीत कोपर मारलं. "गप्प बस, गाढवा. कोबी तर कोबी."

गप्प बसायला मला आयुष्यभर जमलंय. पण साठ फोटो होते, चौदा महिने होते आणि एक पातेलं होतं.

"तो कोबी नाही," मी म्हणालो. "ती दीर्घिका आहे. तिचा उजेड तीन कोटी वर्षं चालत माझ्या पट्टीवर आला. आणि तो कोंब म्हणजे दुसरी दीर्घिका आहे."

परीक्षकांनी चष्मा पुसला. रेनसाहेब दुःखाने म्हणाले, "म्हणजे पट्टीवर काहीच उगवलं नाही?"

"नाही," मी म्हणालो. मान मात्र ताठ ठेवली.

"उगवलंय की," मागून डोरीन म्हणाली. "शेवटच्या टेबलावर बघा."

शेवटच्या टेबलावर डोरीनच्या आईचं पातेलं होतं. बुडाशी अजून डांबर, आणि वर उतू गेल्यासारखी हिरवीगार, कोथिंबिरीसारखी पार्सली. पुढे तिसऱ्या बक्षिसाचं कार्ड, त्यावर माझं नाव.

"शेडच्या दारातच होतं मार्चपासून," डोरीन म्हणाली. "हा रोज ओलांडून जायचा. नजर वर."

रेनसाहेबांनी वहीचं पान दोनदा उलटून बघितलं आणि माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. परीक्षक पार्सलीवर वाकले. "इतकी दाट! खत कोणतं घालता?"

मी डोरीनकडे बघितलं.

"शेडमधून निघताना उरलेला गार चहा हा त्यात ओततो," डोरीन म्हणाली. "त्याला वाटतं, ती कचऱ्याची बादली आहे."