सुभेदारांचा पैरा

दर रविवारी सकाळी नऊ वाजता सुभेदार नाथाजी भोईटे आपला नवा लेख ब्लॉगवर टाकत आणि मग दिवसभर तो किती वेळा उघडला गेला हे पाहत बसत. आकडा ठरलेला होता, सात. त्यातले चार वेळा ते स्वतःच उघडत, कारण आपला लेख पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय त्यांना चैनच पडत नसे. दोनदा सून सृष्टी उघडे, एकदा शुद्धलेखन तपासायला आणि एकदा सासऱ्यांचा मान राखायला. राहिला एक. हा सातवा कोण, याचा फलटणजवळच्या त्या मळ्यातल्या घरात कुणालाच पत्ता नव्हता.

पण तो होता आणि चुकत नव्हता. आठ रविवार झाले, जेवणाची ताटं मांडायच्या आत त्याची हजेरी लागायचीच. नाथाजींनी त्याला मनातल्या मनात कर्नल करून टाकलं होतं. पुण्यात राहणारा, निवृत्त, चष्मा पुसत पुसत वाचणारा आणि शेवटी ‘शाबास भोईटे’ म्हणणारा. अठ्ठावीस वर्षं फौजेच्या गाड्या हाकल्या, पण असं तोंडभरून कुणी म्हटलं नव्हतं. आता साठी उलटल्यावर ते ऐकावंसं वाटत होतं, यात लपवण्यासारखं काय आहे?

"सातानं काय हुतंय? निदान शंभर तरी पायजेत," ते एका रविवारी कुरकुरले.

"आवं, माझं तर ह्या घरात कुणी एकबी ऐकत न्हाई," त्यांची बायको लीलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "मी बसले का आकडं मोजत?"

सृष्टीला सासऱ्यांची दया आली. "मामा, ब्लॉगवाल्यांचं एक जाळं असतं. आपण दुसऱ्याचं पान अर्धा मिनिट उघडं ठेवायचं, की आपल्याला एक गुण मिळतो. नव्यांना सवलत आहे, त्या एका गुणावर वीस जण आपलं पान अर्धा मिनिट उघडतात."

नाथाजींचा चेहरा उजळला. "म्हंजी पैरा की गं ह्यो! आज मी तुझ्या रानात ज्वारी काढायला, उद्या तू माझ्या रानात."

"तसंच समजा," सृष्टी म्हणाली, आणि घोळ झाला तो इथंच.

कारण त्या जाळ्यातली बाकीची मंडळी पान उघडून चहा ठेवायला जात. नाथाजींना ते जमेना. पैऱ्याला जाऊन बांधावर तंबाखू मळत बसणाऱ्या गड्याचा त्यांना जन्मभर तिटकारा. समोर पान आलं की ते अख्खं वाचायचं, परक्या भाषेतलं असेल तर फोनकडून मराठी करून घ्यायचं आणि खाली दोन ओळी लिहायच्या, असा त्यांनी नियम केला. पहिलंच पान पोलंडमधल्या एका कवळ्या बनवणाऱ्याचं निघालं. वीस मिनिटं वाचून नाथाजींनी लिहिलं, ‘माहिती उपयुक्त. माझी खालची कवळी सैल आहे. कळावे.’

अशा रीतीने दिवसाला पाच गुण पडू लागले. तेवढ्यानं भागेना, म्हणून त्यांनी लीलाबाईंच्या हातातही फोन दिला. त्यांच्या वाट्याला ब्राझीलमधली एक बाई आली. तिचं मांजर हरवलं होतं आणि ती रोज त्यावर लिहीत होती.

"बिचारी जेवली न्हाई बगा काल," लीलाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"पुढचं पान उघड. आपल्याला गुण पायजेत."

"आसं कसं पुढचं उघडू? मांजार घावलं का न्हाई, ते तर कळू द्या!"

महिनाभरात घराची घडी पार विस्कटली. शेतीची वीज येऊन गेली तरी मोटर चालू करायचं ध्यानात राहीना, ऊस माना टाकायला लागला. दूध दोनदा उतू गेलं. पण आकडा मात्र सुसाट सुटला होता. शंभर झाले, पाचशे झाले, आणि एके दिवशी तीन हजारांचा पल्ला गाठला. नाथाजी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून भाऊसोच्या चहाच्या टपरीवर गेले.

"तीन हजार मान्सं वाचत्यात माझं लिखान," ते म्हणाले.

भाऊसो चहा गाळता गाळता थांबला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, नुसतं कौतुक होतं. "लय झालं की सुभेदार! काय म्हंत्यात वं ती?"

"कोन?"

"वाचनारी. एकाद्याचं नाव तरी सांगा की."

नाथाजींनी चहाचा एक घोट घेतला. लेखाखाली आलेले अभिप्राय त्यांनी मनात उलगडून पाहिले. सगळ्यांवर एकच मजकूर होता, ‘छान लेख, माझ्या पानालाही भेट द्या.’ बर्फात गोठलेल्या जवानाबद्दल लिहिलं तेव्हाही छान लेख, आणि आई गेल्याची तार दहा दिवसांनी पोचली त्याबद्दल लिहिलं तेव्हाही छान लेख. उरलेला चहा तसाच ठेवून ते घरी आले.

शेवटी त्यांनी फौजी पद्धतीनं तपास लावायचं ठरवलं. बाराव्या लेखात, तवांगच्या घाटात त्यांनी ब्रेक निकामी झालेला ट्रक कसा डोंगराला घासत थांबवला आणि मेससाठी नेत असलेलं एक अंडंही कसं फुटू दिलं नाही, त्या वर्णनाच्या मधोमध त्यांनी एक वाक्य घुसवलं. ‘इथपर्यंत वाचणाऱ्यास घरच्या गुळाची एक ढेप भेट मिळेल.’ पुढे फोन नंबर आणि मळ्याचा पत्ता.

चार दिवसांत चारशेबारा जण येऊन गेले. फोन एकच आला, तोही क्रेडिट कार्ड हवंय का म्हणून विचारणारा.

"मामा, ती माणसं पण आपापला पैरा फेडत होती हो," सृष्टी हळूच म्हणाली. "वाचत कुणी नाही. नुसतं घड्याळ चालतं."

"त्येचं न्हाई वाईट वाटत गं," नाथाजी म्हणाले. "पर ह्या गर्दीत माझा सातवा कुटं गेला, त्यो दिसंना झालाय. त्यो हाय का गेला, कसं कळावं?"

त्यांनी जाळ्यातून नाव काढायचं ठरवलं. पण कुणाचा पैरा अंगावर ठेवून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून आधी दोन दिवस बसून उरलेली पानं वाचली, कवळीवाल्याला रामराम लिहिला आणि मगच खातं बंद केलं. लीलाबाईंनी ब्राझीलचं पान तेवढं आपल्या फोनवर राखून ठेवलं.

रविवारी तेरावा लेख टाकला. सगळं पुन्हा पहिल्यासारखं शांत झालं. चार त्यांचे, दोन सृष्टीचे. संध्याकाळ झाली, ताटं मांडली गेली, नाथाजी एका हातात फोन धरून बसले. आकडा सहावर होता तो सहावरच राहिला.

"जेवा आता. भाकरी गार व्हाय लागली," लीलाबाई म्हणाल्या.

"भूक न्हाई," म्हणून ते उठून गेले. तीन हजारांच्या नादात आपण घरचं माणूस घालवलं, असंच त्यांना वाटत राहिलं.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मळ्याच्या वाटेवर कुत्रं भुंकलं. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात रिकामी पिशवी असा एक उंच म्हातारा दारात उभा राहिला.

"नाथा, गूळ काढ!"

नाथाजींनी चष्मा वर केला, खाली केला. "बिराप्पा? आरं, बिराप्पाच का तू?"

जत तालुक्यातला हा बिराप्पा, ट्रकवरचा त्यांचा जोडीदार. निवृत्तीनंतर मेंढरांत रमला आणि पंधरा वर्षांत दोघांची गाठ पडली नव्हती. नाथाजींनी त्याला मिठी मारली, डोळे पुसले, आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हंजी माझा सातवा तूच व्हय रं?"

"सातवा का आठवा मला काय म्हाईत? नात वाचून दावती, समीक्षा. दर आयतवारी."

"मग काल का वाचलं न्हाईस? मी जेवलो न्हाई रं!"

"काल एसटीत हुतो की! मेंढरामागं मानूस मिळंना म्हनून आठ दिस थांबलो, न्हाई तर कवाच आलो असतो."

"फोन तरी करायचा गड्या."

"फोनवर भांडता येतंय व्हय?" बिराप्पानं घोंगडं ओसरीवर टाकलं आणि ऐसपैस बसला. "त्या घाटात ट्रक कोन हाकत हुतं?"

नाथाजींनी ओसरीवरचं घोंगडं उगाच झटकायला घेतलं. लीलाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"मी हाकत हुतो," बिराप्पा म्हणाला. "तू शेजारी डोळं मिटून देवाचं नाव घेत हुतास. अंड्याचं ट्रे तुझ्या मांडीवर. आन् समदी फुटली. विजार तुझी मी धुतली."

"आवं, तुमी तर मला तीस वर्सं..." लीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं पदरात दाबून धरलं, पण हसू काही दबलं नाही.

नाथाजींचे कान तापले. कर्नलची शाबासकी राहिली बाजूला, एकुलता एक खरा वाचक हिशेब मागायला तीन एसट्या बदलून आला होता. "खोटं हाय हे कळत हुतं, तर वाचत का ऱ्हायलास मग?"

"ग्वाड लिवतूस रं. आन् खरं मला ठावंच हाय, ते वाचून काय करू?" बिराप्पानं चहा बशीत ओतला. "बारा लेख ऐकलं मी तुझं. पैरा अंगावर ठिवतूस व्हय? आता तू बस, मी सांगतो."

नाथाजींनी फोन बंद करून कोनाड्यात ठेवला आणि बसले. दिवस कलेपर्यंत ते ऐकत होते. मधूनच हसत, मधूनच डोळे टिपत. विसरलेली कितीतरी माणसं त्या ओसरीवर परत आली. निघताना बिराप्पाच्या पिशवीत एकाऐवजी दोन ढेपा गेल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी चौदावा लेख लिहिला. ट्रक बिराप्पानं हाकला, देवाचं नाव आपण घेतलं, अंडी सगळी फुटली. विजारीचंही लिहिलं. लेख टाकून ते उसाला पाणी द्यायला गेले आणि दिवसभरात एकदाही पान उघडलं नाही. हे वाचून बिराप्पा काही पुन्हा वाचणार नाही, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

संध्याकाळी सृष्टी धावत बांधावर आली. "मामा, त्रेचाळीस!"

"आगं, जाळ्यातनं नाव काडलंय ना आपन?"

"काढलंय हो. दोन वेळा मी उघडलाय. उरलेले एकेचाळीस सगळे जतहून, समीक्षाच्या फोनवरून. तिनंच फोन करून सांगितलं, आजोबा दुपारपासून सारखा वाचायला लावतायत."

नाथाजी बांधावर बसले आणि पोट धरून हसले. तेवढ्यात घराकडून लीलाबाईंची हाक आली, फोन हातात उंच धरून त्या ओरडत होत्या, "आवं, मांजार घावलं!"