पन्नासच्या आत

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या परक्या गाडीच्या चाकाला शिंप्याची टेप गुंडाळणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमच्या शेजारच्या हिलालनानांनी जळगावात एक चाक सोडलं नव्हतं. ट्रकची झाली, ट्रॅक्टरची झाली, शेवटी एका बड्या साहेबाच्या लाल दिव्याच्या गाडीचीही झाली. शिपाई ओरडत आला तेव्हा नाना गुडघ्यावर बसून पुटपुटत होते, "दोन बोटं कमीच शे." हा माणूस वेडा आहे, असं शिपायाचं मत पडलं. तेव्हा मला ते अगदी योग्य वाटलं होतं.

नाना मूळचे धुळ्याकडचे. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पार फैजपूर-सावद्यापर्यंतच्या केळीच्या बागांतून त्यांना बोलावणी यायची. पावसाळ्यात काळ्या मातीत स्कूटर रुतते म्हणून त्यांनी लिलावातून एक सरकारी जीप घेतली. जिला सरकारसुद्धा कंटाळलं होतं, तिच्यात नानांना गुण दिसले. रोज सकाळी ती सुरू झाली की आमची अख्खी गल्ली उठायची; गजराचं घड्याळ कुणी घेतच नव्हतं. मी हायस्कुलात गणित शिकवायचो. त्यामुळे जगातलं बहुतेक सगळं आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

एकाएकी नानांच्या डोक्यात मोठ्या टायरांनी घर केलं. जीपला मुळात सहा-सोळाची टायरं होती आणि बिचारी निमूट चालत होती. नानांनी ती काढून सात-सोळाची बसवली. कुठंतरी चक्कर मारून आले, मीटरकडे बघत बसले आणि म्हणाले, "एक्कावन. नही जमनं." आठ दिवसांत ती टायरं विकली. मग साडेसात-सोळाची जुनी आणली. पुन्हा चक्कर, पुन्हा मीटर, पुन्हा चेहरा पडलेला. टायरवाला म्हणाला, "नाना, अजून सहा महिने मस्त चालतील." नाना म्हणाले, "चालाले काय, पत्रानं डबडंबी चालस. मले नवी कोरी पाहिजेत." नव्यांसाठी त्यांनी हातातलं घड्याळ विकलं. मी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बठ्ठा खेळ चाकना शे, मास्तर." सगळा खेळ म्हणे चाकाचा!

नवी टायरं आली, पण ती मडगार्डला घासायला लागली. म्हणजे आता गाडी उंच करणं आलं. नाना भंगारबाजारात गेले, मोडक्या ट्रकच्या कमानीतले पाटे आणले, कापून जीपच्या कमानीत दोन-दोन वाढवले. तरी बोटभर घासतंच होतं. मग आस आणि कमान यांच्यामध्ये बाभळीचे ठोकळे बसवले. मिस्त्री म्हणाला, "लाकूड? गाडीत?" नाना म्हणाले, "बैलगाडी काय सोनानी ऱ्हास?" जीप इतकी उंच झाली की तिच्यात बसण्यापेक्षा शेतातल्या मचाणावर चढणं सोपं. त्या पाट्यांना लवणं ठाऊक नव्हतं. एकदा नानांनी मला शाळेत सोडलं, तर पहिला तास मी उभ्यानं घेतला आणि दुसरासुद्धा.

नानांच्या घरात मात्र दोन वर्षं वेगळंच चालू होतं. त्यांची एकुलती एक मुलगी लता. तिचं लग्न ठरवताना नानांनी बायकोला, म्हणजे इंदूअक्कांना, शब्द दिला होता, "पोर पन्नास किलोमीटरना आत देसू." अक्कांचं माहेर नरडाण्याच्या पलीकडे. त्यांची आई गेली तेव्हा निरोप मिळून, गाड्या बदलून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून अक्कांनी मनाशी धरलं होतं, लेक पन्नासच्या आत हवी. नानांना स्थळ आवडलं ते फैजपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. मुलगा चांगला, माणसं चांगली. लग्न लावून परत येताना अक्कांनी जीपचं मीटर पाहिलं. पंचावन्न.

"तुम्ही माले फसाडं," अक्का म्हणाल्या. "मी त्या गावमा पुन्हा पाय ठेवाव नही." आणि ठेवला नाही. लताच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची, तेवढ्यावर दोघी मायलेकी वर्ष काढायच्या. त्या वर्षी लताच्या सासूचा पाय मोडला आणि लताचा निरोप आला, आखाजीला येणं होणार नाही. अक्का देवासमोर बसून डोळे पुसायच्या, पण हट्ट सोडायच्या नाहीत. खानदेशातला बायकी हट्ट म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही.

आखाजीच्या चार दिवस आधी नानांनी ओट्यावर सिद्धान्त मांडला. "इंदू, ते न्हानं टायर व्हतं ना, ते खड्डामा उतरे, वर ये, तो खड्डाबी मोजे. मोठं टायर खड्डावरथून जास. खरा रस्ता पन्नासना आतच शे." मी ऐकत होतो. असलं भौतिकशास्त्र आमच्या नापास पोरांनाही सुचलं नसतं. अक्कांनी ओट्यावरून जीपच्या चाकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चला. पन्नास व्हयना का गाडी वळाडानी. पोर दारमा उभी ऱ्हायनी तरी मी उतराव नही. आनि मास्तर, तुम्ही मांगे बसा. वजाबाकी तुम्ही करा. यास्नावर मन्हा भरोसा नही."

असा मी पंच झालो. निघतानाचा आकडा वहीवर लिहिला आणि मागच्या फळीवर हाडं सांभाळत बसलो. अक्का पुढं, मांडीवर लतासाठी शिवलेली गोधडी, नजर मीटरवर. भुसावळ मागं पडलं, केळीच्या बागा सुरू झाल्या. मी दरवर्षी परीक्षेच्या कामासाठी स्कूटरनं फैजपूरला जायचो. माझ्या दारापासून तिथल्या वेशीपर्यंत त्रेचाळीस किलोमीटर, एक कमी नाही, एक जास्त नाही. त्या दिवशी वेस आली आणि मी वजाबाकी केली. अडतीस.

"नाना, तुमचं मीटर," मी तोंड उघडलं. नानांनी मागं पाहिलं नाही. फक्त स्टिअरिंगवरचे त्यांचे हात घट्ट झाले.

आणि मला एकदम सगळं कळलं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त रस्ता कापला जातो, आणि मीटर मोजतं ते फेरे. चाक मोठं, फेरे कमी, आकडा कमी. सातवीतलं गणित. ती टेप, ते दोन बोटं कमी, विकून टाकलेली टायरं, ते ठोकळे. पंचावन्नाचे पन्नासच्या आत आणायला चाक किती हवं, हे या माणसानं रस्त्यावर गुडघे टेकून टेकून शोधलं होतं, आणि मी गणिताचा मास्तर ओट्यावर बसून त्याला हसत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"मीटर काय, मास्तर?" अक्कांनी विचारलं.

"मीटर छान दुरुस्त केलंय नानांनी, असं म्हणत होतो."

जीप लताच्या दाराशी थांबली. मी वही काढली. "एकोणपन्नास," मी जाहीर केलं.

"वजाबाकी बरोबर शे ना?"

"बरोबर आहे, अक्का." वजाबाकी बरोबरच होती.

उतरायला नाना स्टूल लावतील म्हणून मी थांबलो, तर अक्कांनी त्या मचाणावरून खाली उडीच टाकली. लता पिठाच्या हातांनी धावत आली आणि आईच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडायला लागली. माझे डोळे भरून आले. मी टायरांकडे बघत उभा राहिलो.

जरा वेळानं नाना गोठ्याजवळ विडी ओढत होते. मी म्हणालो, "नाना, एवढा खटाटोप कशाला? मीटरचा एक दाता फिरवला असता तरी भागलं असतं."

"मीटरले हात लावणं म्हंजे लबाडी," नाना दुखावल्यासारखे म्हणाले. "टायर मोठं लावणं ही हौस शे." मग हळूच जवळ आले. "मास्तर, तुम्ही हिशोबना माणूस. टायर झिजस, मंग चाक न्हानं व्हस. पन्नास कवय व्हई?"

मी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. "रोज कामाला न्याल तर पुढच्या आखाजीच्या आधीच ओलांडेल."

"आनि रोज नही नेली तर?"

"तर मग पुष्कळ वर्षं."

नानांनी विडी विझवली आणि जीपकडे बघितलं.

दुसऱ्या सोमवारी सकाळी आमची गल्ली उशिरा उठली. जीप अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली होती, आणि नाना सायकलच्या कॅरिअरवर पाने, वायरीची भेंडोळी आणि पाण्याची बाटली बांधून, डोक्याला पंचा गुंडाळून, वैशाखाच्या उन्हात आसोद्याच्या रस्त्याला लागले होते. लांबच्या बागांची कामं त्यांनी सोडून दिली. महिन्यातून एकदा ताडपत्री निघायची, अक्का डबे भरून जीपमध्ये चढायच्या आणि मी वही घेऊन मागं बसायचो.

गल्लीतले लोक मला विचारायचे, "मास्तर, एवढी मचाणाएवढी जीप केली आणि हा माणूस सायकल का हाणतो?"

मी म्हणायचो, "चक्रम आहे."