तेविसावी खुर्ची

मॅनेजर कुवाबारासाहेबांनी सोमवारी ऑफिसातल्या बावीस खुर्च्या गोदामात टाकल्या आणि टेबलांच्या पायांखाली ठोकळे लावले. बसून माणूस गंजतो, उभ्यानं काम करा, बसलातच तर अर्ध्या तासात उठा, असा छापील कागद टेबलाटेबलावर आला. तेविसावी खुर्ची तेवढी हलली नाही, कारण तिच्यावर तोमिए-सान बसल्या होत्या.

छत्र्यांच्या या कारखान्यात त्या बेचाळीस वर्षं फोनवर ऑर्डरी घेत होत्या. खुर्ची लाकडी, वरची उशी त्यांनी स्वतः शिवलेली.

"शुक्रवारी टोकियोच्या मुख्य ऑफिसातून निशिमोरीसाहेब येतायत," कुवाबारा म्हणाले. "हे लाकूड त्यांना दिसलं तर माझी शोभा होईल."

"मी पहाटे मुळ्याच्या वाफ्यात तासभर वाकते, मग टेकडी चढून इथं येते. तुम्ही दारापर्यंत गाडीतून येता. गंजलंय कोण, ते आधी ठरवू या."

"शुक्रवारी ते यायच्या आत खुर्ची हलवा. नाहीतर शनिवारपासून तुम्ही घरीच बसा."

"बघू," म्हणत त्यांनी फोन उचलला.

शुक्रवारी तीन वाजता रोजच्यासारखी कवायतीची सीडी लागली. पियानो वाजला, सीडीतला माणूस आकडे मोजू लागला, सगळ्यांचे हात वर गेले. निशिमोरीसाहेबही कोट काढून पुढे उभे राहिले. तोमिए-सान बसल्या जागी एक हात फिरवत होत्या. दुसऱ्यात फोन होता.

तीन मिनिटांत कवायत संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. कुवाबारांनी घाईत भलतंच बटण दाबलं होतं. पण वरच्या माणसाआधी हात खाली घ्यायची या ऑफिसात कोणाची छाती नव्हती. सगळे कुवाबारांकडे बघत होते, कुवाबारा पाहुण्यांकडे. पाहुण्यांना वाटलं, इथली रीतच असेल; यजमानांआधी थांबलं तर बरं दिसणार नाही.

चौथ्या फेरीला पाहुण्यांच्या शर्टाचं बटण उडालं. सहाव्या फेरीला शेजारच्या टेबलावरची मानामी धापा टाकत कुजबुजली, "तोमिए-सान, बंद करा ना. मशीन तुमच्या मागेच आहे."

"मी कशाला? एवढी माणसं उभी आहेत की."

"आम्हाला थांबता येत नाही."

"ते दिसतंय मला. गुडघे वाकव नीट."

आठव्या फेरीत, उड्या मारताना, कुवाबारांच्या कमरेत कट्ट झालं. ते वाकले ते वाकलेच. मागची एकवीस माणसंही तशीच वाकून राहिली.

तेव्हा कुठे तोमिए-साननी हात मागे नेऊन मशीन बंद केलं.

"यांना बसायला काहीतरी आणा," निशिमोरी म्हणाले. पण चोरून कोणी खुर्ची काढू नये म्हणून गोदामाची किल्ली कुवाबारांनी घरी ठेवली होती.

"तोमिए-सान," कुवाबारा फरशीकडे बघत म्हणाले, "जरा..."

"जरा काय?"

"बसू द्याल का?"

त्या उठल्या, उशी झटकली. दोघांनी साहेबांना आणून टेकवलं. निशिमोरी स्वतः खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊन घाम पुसत होते.

"ही एक राखून ठेवलीत, दूरदृष्टी आहे तुमची," ते कुवाबारांना म्हणाले. "ही इथून हलवू नका."

"नाही साहेब," कुवाबारा क्षीण आवाजात म्हणाले.

तोमिए-साननी टेबलावरचा छापील कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि डब्यातली अंडी उकडताना लावायचं छोटं गजराचं घड्याळ पिशवीतून काढून अर्ध्या तासावर लावलं.

"वाजलं की उठा," त्या म्हणाल्या, आणि उभ्यानंच फोन घेतला.