ब्रेक्क्यांची भिंत कोणी पाडली?

“स्वयंपाकघर नवं करायला हातोडा चालवणारा माणूस लागतो, बोटं नाचवणारी बाई नाही!” ऑर्विल ब्रेक्केने सगळ्या डलूथ गावाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. बत्तीस वर्षं बंदरावर खनिजाची जहाजं भरलेला माणूस. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं.

“आणि हातोडावाल्याला डोळे असतात का?” त्याची बायको मार्लिस म्हणाली. “तो म्हणेल, कपाट लटकलं ना, मग झालं! मला इंटिरिअर डिझायनर हवी.”

“मला कंत्राटदार हवा!”

हा वाद एप्रिलपासून चालला होता. आता नोव्हेंबर आला, थँक्सगिव्हिंगच्या सणाला मुलगी सोल्वेग यायची होती, आणि कपाटाचं दार अजून एकाच बिजागरीवर लोंबत होतं.

अशात मार्लिसच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मार्लिस चार दिवसांसाठी पुलापलीकडच्या सुपीरियर गावी गेली. गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच ऑर्विलने फोन उचलला. डेल कोस्की नावाचा कंत्राटदार मंगळवारी दहाला यायला तयार झाला.

“मी दाताच्या डॉक्टरकडे असेन,” ऑर्विलने बजावलं. “किल्ली कुंडीखाली. बायको मध्येच उगवली तर वाद घालू नका, ती म्हणेल ते करा. बाकी कोणी अडवायला आलं तर ऐकायचं नाही. सरळ बाहेर काढायचं!”

आपल्या धोरणीपणावर तो दोन दिवस खूश होता.

त्या बिचाऱ्याला काय माहीत, की मंगळवारी दहाला नवरा दाताच्या डॉक्टरकडे असणार हे बायकोलाही ठाऊक होतं! सिबिल वेदरली नावाच्या डिझायनरबाईंना तिनेही तीच वेळ दिली होती.

साडेअकराला ऑर्विल परतला. डॉक्टरने अर्ध्या तोंडाला भूल दिलेली. डावा गाल पावासारखा फुगलेला, ओठ हनुवटीवर लोंबलेला. घरात शिरला आणि जागीच खिळला.

भिंत नव्हती!

स्वयंपाकघर आणि त्याची हॉकी बघायची खोली यांच्यामधली ती भिंत! उभ्या घरात त्याला दार लावून बसता येईल अशी ती एकच जागा होती. तिथे आता म्हैस आरामात जाईल एवढं भगदाड होतं. भगदाडाच्या एका बाजूला पहार घेतलेला धिप्पाड माणूस, दुसऱ्या बाजूला लाल चष्म्यातली एक बाई. आणि ती बाई बोटं नाचवत होती!

“अजून जरा डावीकडे, डेल. प्रकाश कसा वाहत आला पाहिजे!”

“हो मॅडम. तुमचंच घर आहे,” डेल अदबीने म्हणाला.

सिबिलबाईंना ते वाक्य फार आवडलं. असा कंत्राटदार मार्लिसबाईंनी शोधला तरी कुठून!

“ए! भांभा!” ऑर्विल गरजला. म्हणायचं होतं ‘थांबा’.

दोघंही वळली.

“तुम्ही प्लंबर का?” बाईंनी विचारलं. “बसा. कॉफी घ्या आधी.” आणि कप त्याच्या हातात दिलासुद्धा.

“फंबर भाही! हे भाभं भर आहे! बाझी भिंत!”

“काय म्हणतायत हे?”

“काही कळत नाही मॅडम. पण अडवतायत एवढं नक्की.” डेलने पहार ठेवली, हात झटकले आणि ऑर्विलची कॉलर हळुवारपणे धरली. “चला आजोबा. मालकांचा हुकूम आहे.”

“भालक भीच आहे!”

“हो, हो. आणि मी राजा आहे. पायरी सांभाळा.”

दार लागलं. आतून कडीही लागली. स्वतःच्या घराबाहेर, घोटाभर बर्फात, कॉफीचा कप हातात घेऊन ऑर्विल उभा! संतापाने त्याचा उजवा गालही फुगला. त्याने मार्लिसला फोन लावला.

“भार्लिस! भिंत फाडली! भला भाहेर भाढलं!”

पलीकडून मार्लिस किंचाळली, “ऑर्विल! हलू नकोस! तुला अर्धांगाचा झटका आलाय!”

सात मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली. वाकडं तोंड, असंबद्ध बडबड, चेहरा लालबुंद! माणसांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्ट्रेचरवर आडवा केला. तो जितका ओरडला तितके पट्टे आवळले गेले. गलका ऐकून डेल आणि सिबिलबाई पायरीवर आले. ॲम्ब्युलन्सवाल्यांपैकी एकाने ऑर्विलच्या खिशातून लायसन्स काढलं आणि मोठ्याने वाचलं, “ऑर्विल ब्रेक्के. पत्ता हाच.”

डेलचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. “मग या मॅडम कोण?”

“मी? मी डिझायनर! आणि तुम्हाला मार्लिसबाईंनीच बोलावलंय ना?”

तेवढ्यात मार्लिसची गाडी फाटकाला घासून थांबली. ती रडत धावत आली. झटका नसून दाताची भूल आहे, हे कळायला पाच मिनिटं लागली. डिझायनर आणि कंत्राटदार दोघंही आपल्या घरात का आहेत, हे कळायला एकच. नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजरा फिरवल्या.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मार्लिस आत शिरली. “बरं. दोघांपैकी एकालाच ठेवायचं. बोल.”

भूल उतरत आली होती. “बाईंना ठेव!” ऑर्विल कडाडला. “त्यांनी निदान कॉफी दिली. त्या हातोडावाल्याने मला माझ्याच घरातून मानगूट धरून काढलं!”

“मुळीच नाही!” मार्लिसने कचऱ्याच्या गोणीतून आपले पडदे ओढून काढले. “तुझ्या बाईंनी हे कचऱ्यात टाकले! आईने शिवलेले! डेलने बघ, आईच्या बशा एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्यात. मला डेलच हवा!”

“डिझायनर!”

“कंत्राटदार!”

सिबिलबाईंनी चष्मा पुसला. डेलने पहार उचलली. “तुमचं ठरलं की कळवा,” एवढं म्हणून दोघं एकाच पिकअपमध्ये बसून जेवायला निघून गेली.

ठरलं काहीच नाही. चुना झाडून दोघांनी भगदाडाच्या कडा कशाबशा सारख्या केल्या आणि पंधरा दिवस एकमेकांशी फक्त मिठापुरतं बोलली. थँक्सगिव्हिंगला सोल्वेग आली. कोट काढता काढता थबकली. ओव्हनपाशी उभं राहून तिला पार पलीकडच्या खिडकीबाहेरचं सरोवर दिसत होतं.

“अगं बाई! केवढं मोकळं झालंय! ही कल्पना कोणाची?”

“माझी!” दोघंही एकदम ओरडली.